मशीन निकाल देत नाही, आत्या

आत्या, तू गेल्यापासून सगळे मला एकच वाक्य ऐकवत आहेत. "मनाला लावून घेऊ नकोस, ती तेव्हा तिच्यात नव्हती." बाबा म्हणतात, आई म्हणते, तुझ्या स्कूटी क्लासच्या बायका भेटायला येतात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत तेच म्हणतात. मी मान हलवते. मान हलवली म्हणजे पटलं, असं त्यांना वाटतं. तू असतीस तर लगेच ओळखलं असतंस. "पाहा दादा, नुसती मुंडी हलवून राहिली. हिले काई पटलं नाई."

नाही पटलं. म्हणून लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, कारण माझ्या मराठीला तू फ्रिजमधली मराठी म्हणायचीस. "सगळं बरोबर राहते वं तुह्यं, पन गरम नाई राहत." इंग्रजीत मला हे सोपं गेलं असतं. पण ते तुला वाचून कोण दाखवणार?

खाली तुझ्या खोलीत हेल्मेटं अजून खिळ्यांना टांगलेली आहेत. मी खाली जाते, काही कारण नसताना वर येते, पुन्हा खाली जाते. लॅपटॉपसमोर ऑफिसचं काम उघडून बसते आणि मनात तुझ्याशी वाद घालते. मनात मी फार छान भांडते, एकही शब्द अडत नाही. प्रत्यक्षात मात्र तू शेवटचे कित्येक आठवडे माझ्याशी बोललीच नाहीस. आणि जेव्हा बोललीस, तेव्हा समोर मी आहे हे तुला कळलं नव्हतं.

मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. माझ्याशी अबोला धरणारी ती तू होतीस, की तुझा आजार?

मी बारावीत असताना तू मला गाडी शिकवलीस. नागपूरच्या टोकाचं आपलं बेसा तेव्हा एवढं भरलेलं नव्हतं, आपल्या लेआउटमध्ये मोकळे प्लॉट होते. तुझी पद्धत सगळ्यांना माहीत होती, फक्त माझ्यासाठी ती बदलशील असं मला उगाच वाटलं होतं. आधी इंजिन बंद. गाडी हाताने धरून प्लॉटला चकरा मारायच्या, दोन-तीन दिवस नुसती ढकलगाडी. माझ्या वर्गातली मुलं रस्त्यावरून जात होती.

"आत्या, लोक बघतायत."

"पाहू दे नं. त्याइले बी शिकाचं असन."

"मला लाज वाटते."

"लाज वाटते तं जोरात ढकल, लवकर संपन."

मग एकदा गाडी सुरू झाली, तेव्हा तू मागे बसलीस. साडीचा काचा मारलेला, पायात बाबांचे जुने बूट, आणि दोन्ही पाय बाजूंना पसरलेले. "मी तुह्यं स्टँड हाय," म्हणालीस. "पडली तं माह्यावर पड." मी खरंच पडले, तुझ्यावरच पडले. तू खाली पडल्या पडल्या हसत होतीस आणि मी रडत होते. आज कुणाशी न बोलता मी या शहरात कुठेही जाऊ शकते. ऑटोवाल्याशी भाव करावा लागत नाही, कुणाला "सोडता का" म्हणावं लागत नाही. माझ्यासारख्या मुलीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं, असं मी धरून चालले होते.

तुझं लिव्हर आक्रसून कडक झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू आधी बाबांकडे पाहिलंस, कारण तुला पुढचा प्रश्न माहीत होता. तो प्रश्न मग सगळ्यांनीच विचारला. कुणी सरळ, कुणी आडून. पीत होत्या का? तुझी शुगर आणि लिव्हरवर साचत गेलेली चरबी, एवढंच कारण होतं. पण तू समजावत बसली नाहीस. "हौ नं, रोजच. उसाचा रस, बिना बर्फाचा." मला राग यायचा. तू म्हणायचीस, "जाऊ दे वं. लोकाइले मजा येते तं येऊ दे."

आजाराचं जे खरं घाबरवणारं अंग होतं, ते तुला आणि मला दोघींनाही एकदमच कळलं. पोटात अमोनिया तयार होतो, तो लिव्हर साफ करतं. लिव्हर थकलं की तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो. म्हणून ते गोड, चिकट सिरप. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले आणि बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. घरात असेपर्यंत तू ते निमूट घेतलंस. पण काटोलला तुझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न निघालं आणि तू बाटली कपाटात ठेवून दिलीस.

"आत्या, सिरप?"

"एसटीनं जाऊन राहिली मी. रस्त्यात लागली तं कुठं जाऊ, संत्र्याच्या बगिच्यात?"

मी कपाट लावून घेतलं. प्रवासाच्या दिवशी पाणी न पिणाऱ्या बायकांच्या घरात मी वाढले आहे. तू दोन दिवस आधीपासून सिरप बंद केलंस, लग्नात जेवलीस, परत आलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताताईंना मेन रोड दाखवायला निघालीस.

वनिताताई तुझ्या तेव्हाच्या शिष्या. पन्नाशीच्या, सिग्नलला घाबरणाऱ्या. त्या मागच्या सीटवर, तू पुढे. मी दूध आणायला निघालेली, माझ्या गाडीवर थोडं अंतर ठेवून. चौकात तू वळलीस ती सरळ उलट्या बाजूला. समोरून गाड्या येत होत्या. तुझा स्पीड कमी झाला नाही, वाढलाही नाही. एक ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला तर तू ओळखीचं कुणी दिसल्यासारखा हात वर केलास. मी ओरडत तुझ्या बाजूला आले. थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस.

"काहून वं, काय झालं?"

तुझ्या चेहऱ्यावर इतकी शांती होती, आत्या. मला त्या ट्रकची भीती वाटली नाही तेवढी त्या शांतीची वाटली. आणि वनिताताई मागून कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम भीती घालवून राहिल्या माझी."

त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी तुला विचारलं, गाडी चालवता का? तू म्हणालीस, "नाई बाप्पा, आता कुठं." आणि मी बोलले. हॉटेलात वेटरने चुकीची भाजी आणली तरी तीच खाऊन येणारी मी, त्या खोलीत सगळं बोलले. उलटी बाजू, ट्रक, लग्नासाठी बंद केलेलं सिरप, दोन दिवस तू ब्लाउजची हुकं चुकीची लावत होतीस तेही. डॉक्टरांनी तुला दोन्ही हात पुढे करून तळवे उभे धरायला सांगितले, कुणाला थांबवतो तसे. तळवे आपोआप खाली पडत होते, पुन्हा उठत होते, पुन्हा पडत होते. तू त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे तरी हात असावेत तशी पाहत होतीस.

"गाडी बंद," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना ऑटोत तू एकच शब्द बोललीस. "चुगलखोर." घरात आल्यावर गाडीची किल्ली माझ्या लॅपटॉपवर ठेवलीस आणि मग माझ्याशी बोलणं संपलं.

एका घरात राहून अबोला धरायचा म्हणजे तिसरा माणूस लागतो. तो बाबा झाले.

"दादा, तिले म्हना चहा झाला." मी ओट्याशी उभी.

"बाबा, तिला सांगा, येते."

"मी का पोस्टमन हाय का?" बाबा पेपर आपटायचे. "रिटायर झालो तरी ड्युटी लावून राहिल्या दोघी."

तेव्हा आपण दोघीही तोंड फिरवून हसलो होतो. तू हसताना मी पाहिलंय तुला. म्हणून मला वाटत होतं की हे संपेल.

सिरप पुन्हा नियमाने सुरू झालं, तुझे हात स्थिर झाले. बोलणं नेहमीचं, जेवण नेहमीचं, शेजाऱ्यांच्या नकलाही नेहमीच्या. तू किल्ली मागितलीस, बाबांमार्फत. मी बाबांमार्फत नाही म्हटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाहेरून सगळं ठीक दिसलं तरी लक्ष आणि वेग मागे पडलेला राहू शकतो, आणि ज्याचं मागे पडतं त्याला स्वतःला ते कळत नाही. त्याला आपण झकास चालवतोय असंच वाटतं. हे मी बाबांना सांगितलं. तुला ऐकू जाईल अशा आवाजात.

तू भाजी निवडत होतीस. खाली बघतच म्हणालीस, "दादा, तिले विचारा. मी बरी हाय म्हनलं, तं ते बी बिमारीचं लक्षण. बरी नाई म्हनलं, तं बिमारी हायच. मंग मी बोलू तरी काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नाही. आजही रोज शोधते. वाद घालताना अंघोळीचं पाणी वाहून जातं, इतकी शोधते.

हॉस्पिटलमधल्या रेडिओलॉजीच्या मॅडमना त्यांच्या अभ्यासासाठी असेच पेशंट हवे होते, लिव्हर आजारी पण बोलण्या-वागण्यात काही दिसत नाही असे. त्यांना मेंदूचं एमआरआय करायचं होतं, पण कुठे सूज आहे, गाठ आहे, हे शोधायला नाही. माणूस नुसता पडून असताना मेंदूच्या दूरदूरच्या जागा एकमेकींबरोबर चालतात का, एकीला जाग आली की दुसरीला येते का, एक मंदावली की दुसरी मंदावते का, ते पाहायचं होतं. या आजारात जागा शाबूत असतात, त्यांच्यातला मेळ सुटत जातो. बाहेर काही दिसायच्या आधीच सुटायला लागतो.

तू हे नीट ऐकलंस. मग म्हणालीस, "म्हंजे ब्रेक हाय, हँडल हाय, केबल ढिली."

मॅडम हसल्या. "हो, काहीसं तसंच."

"मंग केबल टाइट करता येते. गॅरेजवाला दोन मिनटात करते."

"तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं, मावशी."

"बरं, फोटोत दिसन का, मी गाडी चालवू शकते का नाई?"

मॅडमनी स्पष्ट सांगितलं. एकट्या माणसाच्या स्कॅनवरून असं काही सांगता येत नाही. पुष्कळ आजारी माणसं एकीकडे, पुष्कळ निरोगी माणसं एकीकडे, मग फरक काढायचा. एकेकट्याला रिपोर्ट मिळणार नाही. तू मान डोलावलीस, सही केलीस आणि बाहेर आल्यावर बाबांना म्हणालीस, "दिसते तिले. सांगाचं नाई म्हून तसं म्हनते."

मला हसू आलं नाही, कारण मीही तेच धरून बसले होते. तुला वाटत होतं मशीन सांगेल तू बरी आहेस. मला वाटत होतं मशीन सांगेल मी बरोबर आहे. दोघी एका बाकावर, मध्ये बाबा, आणि दोघींनी एकाच यंत्राला न्यायाधीश केलेलं.

आधी त्यांनी तुला कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने पेनाने जोडायला दिले. "रांगोळी काढून घेऊन राहिले का माह्याकडून?" तू विचारलंस. घड्याळ लावलेलं होतं. मी तुझ्या हाताकडे पाहत होते. तू एका आकड्यावर थांबलीस, पुढचा अगदी बोटाखाली होता आणि तुला तो दिसत नव्हता. मी दुसरीकडे पाहायला लागले. पेन खराब आहे, असं तू म्हणालीस. मॅडमनी दुसरं पेन दिलं.

मग कानातले काढले, केसांच्या पिना काढल्या, आणि तुला त्या आवाज करणाऱ्या नळकांड्यात सरकवलं. समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे पाहत राहा, काही विचार करू नका, झोपू नका. बाहेर आलीस तेव्हा गालावर त्या गादीचा वळ उठला होता. बाबांनी विचारलं, काय केलंस एवढा वेळ?

"गाडी चालवली. थे म्हने विचार करू नका, तं मी गाडी काढली. बेश्यातून निघाली, सगळं नागपूर पार केलं, पार काटोल गाठलं. एक सिग्नल नाई तोडला."

हे तू बाबांना सांगितलंस. पण बघत माझ्याकडे होतीस.

त्या हॉस्पिटलच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये तुझ्या नावाऐवजी एक नंबर आहे, आणि त्या नंबराखाली तू काटोलला जातानाचा मेंदू आहे. मी हे कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगू?

मग पोटात पाणी झालं, त्यात इन्फेक्शन. अमोनिया पुन्हा चढला. वॉर्डात तू कधी झोपलेली, कधी जागी, कधी मधेच. त्या दुपारी बाबा खाली औषधं आणायला गेले होते. तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे पाहून अगदी गोड हसलीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"या ताई, बसा. लाजू नका. नवीन हाय नं तुमी?"

मला कळायला थोडा वेळ लागला. तू मला क्लासला आलेली नवी बाई समजत होतीस.

"हो," मी म्हटलं.

"भेव सगळ्याइले वाट्टे. चाकाकडं नाई पाहाचं. जिथं जाचं नं, तिथं पाहाचं." मग जरा दम घेऊन, "माह्यी भाची हाय घरी, पलू. बहुत भेत होती. आता कशी चालवते, मस्त. मीच शिकवली."

"असं का."

"चालवते मस्त, पन चुगलखोर हाय. डॉक्टरले माह्यी चुगली केली तिनं. मी बोलत नाई तिच्यासंग."

मी विचारलं, "आता बोलणार नाही का कधी?"

"बोलीन नं. पहिले तिनं म्हनाव का चुकली. मंग बोलीन."

"चुकले" एवढा एक शब्द होता. तुला तर कळलंही नसतं कोण म्हणतंय. एखादी परकी बाईसुद्धा तुझ्या समाधानासाठी म्हणाली असती. माझ्याने तो निघाला नाही, कारण मी चुकले नव्हते. आणि तुला खोटं बोलून उरकायचं, हे मला करायचं नव्हतं. तू मला कधी तसं उरकलं नाहीस. तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू जे काही बोललीस ते शब्द नव्हते.

आता लोक म्हणतात ती तिच्यात नव्हती. किती सोयीचं आहे, आत्या. तुझा राग अमोनियाचा, तुझा अबोला अमोनियाचा, म्हणजे मी मोकळी. पहिले दोन दिवस मलाही ते हवंसं वाटलं. पण मग त्या दुपारचं "मस्त चालवते, मीच शिकवली" हेही अमोनियाचंच धरावं लागेल. ते मी देणार नाही. एकाच दमात बोललेल्या दोन वाक्यांपैकी गोड ते तुझं आणि कडू ते आजाराचं, अशी निवड मी कुठल्या तोंडाने करू?

मी मॅडमना फोन केला होता. फोन करायला मला केवढा धीर गोळा करावा लागतो, तुला ठाऊक आहे. त्यांना विचारलं, मेंदूतला मेळ सुटलेला असताना माणूस जे बोलतो, ते त्याचं असतं का? त्या म्हणाल्या, "खरं सांगू का, मला नाही माहीत. आम्ही मेळ किती ते मोजतो. बोलणं कुणाचं, ते आम्हाला मोजता येत नाही." मला त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, की निदान एक माणूस तरी मला समजावत नाहीये.

काल तुझ्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भंतेजी वंदना घेऊन गेले, माणसं जेवत होती. वनिताताई आल्या होत्या, स्वतः गाडी चालवत, एकट्या. पंगतीत कुणीतरी पुन्हा विषय काढला, बिचारी शेवटी भाचीशीही बोलत नव्हती म्हणे. बाबांनी नेहमीसारखं सुरू केलं, "ती तेव्हा तिच्यात..."

"नाही बाबा," मी म्हटलं. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "ती तिच्यातच होती. माझ्यावर रागावली होती ती."

मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

म्हणजे "मी बोलू तरी काय" या तुझ्या प्रश्नाचं एवढंच उत्तर मला सापडलंय. तू बोल. तुला जे म्हणायचं ते म्हण, मी ते तुझंच धरीन. लक्षण म्हणून बाजूला ठेवणार नाही. पण मग माझंही ऐकावं लागेल. तू उलट्या बाजूने गाडी चालवत होतीस. मागे वनिताताई होत्या, घरी त्यांची माणसं वाट बघत होती. मी डॉक्टरांना सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. मी चुकले असं मी म्हणणार नाही, तू मागितलंस तरी.

त्यावर तुला माझ्याशी बोलायचं नसेल, तर नको बोलूस. पण ते तूच ठरवलेलं असू दे.